जुनी शिडाची नौका आणि तिच्यावरची दुसरी व्यक्ती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका जोडप्याविषयीचा सविस्तर लेख वाचला. दोघांनी नोकऱ्या सोडल्या, राहते घर विकले, अनेक वर्षे जमिनीवर टेकूंच्या आधाराने उभी असलेली एक जुनी शिडाची नौका विकत घेतली आणि ती दुरुस्त करून पुढचे आयुष्य प्रवासात घालवायचे ठरवले, असा लेखाचा विषय आहे. लेख आपुलकीने लिहिलेला आहे आणि त्या दोघांचे धाडस वाचून मला मनापासून आनंद झाला. मी आणि माझे पती याच वाटेने गेलो आहोत. एका जुन्या नौकेवर आम्ही साडेचार वर्षे राबलो आणि नंतर नऊ वर्षे तिच्यावर राहिलो. त्यामुळेच लेखातील एका गोष्टीबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही. सोबतच्या छायाचित्रांत पती इंजिनावर वाकलेले आहेत, डोलकाठीवर चढलेले आहेत, नौकेचा तळ घासत आहेत. पत्नी गाद्यांचे अभ्रे शिवताना आणि खिडकीला पडदा लावताना दिसते. मजकुराचा सूरही तोच आहे: नौका त्यांची आणि नौकेतले घर तिचे. ही वाटणी वाचायला गोड वाटते, परंतु किनारा मागे पडला की ती धोक्याची ठरते, आणि ती बदलण्याची संधी दुरुस्तीच्या काळात मिळते तशी पुन्हा मिळत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी जुन्या नौकेविषयी थोडे सांगते, कारण तिचा स्वभाव कळल्याशिवाय माझा मुद्दा पटणार नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासच्या शिडाच्या नौका कारखान्यांत साच्यांतून निघू लागल्या आणि त्यापुढच्या दोन-तीन दशकांत त्या मोठ्या संख्येने तयार झाल्या. लाकडी नौका दुर्लक्षित राहिली तर कुजून नाहीशी होते, फायबरग्लासचे कवच मात्र टिकते. म्हणून जगभरच्या नौका-दुरुस्तीच्या यार्डांत चाळीस-पन्नास वर्षांच्या अशा नौका आजही उभ्या आहेत आणि नव्या नौकेच्या किमतीच्या तुलनेत त्या फारच स्वस्त मिळतात. कवच टिकले म्हणजे नौका टिकली, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. बहुतेक नौकांचे डेक हे फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये हलक्या लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा भरून केलेले असते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपू लागले की वरून काहीही न दिसता तो गाभा वर्षानुवर्षे आतल्या आत कुजत राहतो. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या पोलादी तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्याच लागतात. त्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या पट्ट्या डेकच्या आत दडलेल्या असतात, आणि हवा न लागणाऱ्या ओल्या जागी स्टेनलेस स्टीललाही गंज चढतो. कील, म्हणजे नौकेला तोल देणारा तळाचा जड कणा, ज्या बोल्टांवर लटकलेली असते ते बोल्ट, सुकाणूचा दांडा, डिझेलची टाकी, विजेच्या वायरी या साऱ्याची कथा अशीच आहे. जुन्या नौकेचे खरे दुखणे नेहमी झाकलेल्या जागी असते.

आम्ही हे शिकलो ते नुकसान सोसून. आमच्या नौकेचे डेक नुकतेच रंगवलेले होते आणि त्या चकचकीत रंगावर आम्ही दोघेही भाळलो. स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तपासणी करून घेण्याचे पैसे आम्ही वाचवले. खरेदीनंतर तीन आठवड्यांनी यार्डात शेजारच्या नौकेवर काम करणारा एक वृद्ध कारागीर आमच्याकडे आला, स्क्रू-ड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ हातात धरून गुडघ्यांवर बसला आणि डेकवर बोटा-बोटाच्या अंतराने ठोकत पुढे सरकू लागला. टक्, टक्, टक् असा कोरडा, खणखणीत आवाज येत होता. डोलकाठीच्या पुढे हातभर गेल्यावर तोच आवाज थप्प, थप्प असा झाला, जणू कोणी ओल्या पुठ्ठ्यावर ठोकत आहे. तो काही बोलला नाही, खिशातून खडू काढून त्याने त्या जागेभोवती रेघ ओढली. संध्याकाळपर्यंत डेकच्या जवळजवळ एक तृतीयांश भागावर खडूच्या रेघा होत्या. विकणाऱ्याला हे माहीत असणार, याबद्दल मला शंका नाही, पण ठोकून पाहण्याइतकी चौकशी आम्हीही केली नव्हती. त्या डेकचा वरचा थर कापून, आतला काळा, भिजलेल्या चहापत्तीसारखा झालेला गाभा खरवडून काढून, नवा गाभा आणि इपॉक्सी भरून ते पुन्हा बंद करण्यात आमचे चौदा महिने गेले. नौकेला दिलेल्या किमतीपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त होणे यात काहीही अपवादात्मक नाही, आणि असे घर मोडून निघणाऱ्या प्रत्येक जोडप्याला हे आधी सांगितले गेले पाहिजे.

पैसा आणि घाई यांची गाठ पडली की काय होते, याचे मला कधीही न विसरता येणारे उदाहरण इंग्लंडमधील अ‍ॅन आणि फ्रँक डेव्हिसन या पती-पत्नींचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी 'रिलायन्स' नावाची सुमारे सत्तर फुटी जुनी नौका घेतली, जगप्रवासाच्या हेतूने ती दुरुस्त करायला काढली आणि त्या कामाने त्यांना कर्जात बुडवले. नौका जप्त होण्याची वेळ आली तेव्हा, १९४९ च्या मे महिन्यात, काम अपुरे असताना आणि मोठ्या प्रवासाचा सराव नसताना ते निघाले. जूनच्या सुरुवातीला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बिल या भूशिराजवळ नौका खडकांवर आदळली. दोघे एका लहान तराफ्यावर उतरले, पण फ्रँक वाचले नाहीत. अ‍ॅन एकट्या किनाऱ्याला लागल्या आणि कडा चढून वर आल्या. पुढे त्या नौकानयन पद्धतशीर शिकल्या. १९५२ मध्ये 'फेलिसिटी अ‍ॅन' या तेवीस फुटी नौकेतून त्या एकट्या निघाल्या आणि जानेवारी १९५३ मध्ये कॅरिबियनमधील डॉमिनिका बेटावर पोहोचल्या. अटलांटिक महासागर शिडाच्या नौकेतून एकटीने पार करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते. त्यांची ती लहान नौकासुद्धा पुढे मोडकळीला आली आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर नव्याने दुरुस्त होऊन २०१८ मध्ये पुन्हा पाण्यात उतरली. मला यात सर्वांत जास्त बोचते ते हे, की अ‍ॅनमध्ये असलेली ही क्षमता तिच्या हाती पूर्णपणे आली ती सारे गमावल्यानंतर.

आमच्याकडेही सुरुवात पुरवणीतल्या छायाचित्रांसारखीच झाली होती. माझ्या पतींना अवजारांची सवय होती, मला नव्हती, त्यामुळे कोणी न ठरवताच कामे वाटली गेली. ते इंजिन, वायरी आणि झडपा पाहत, मी घासणे, रंगवणे, सामानाच्या याद्या आणि आतली लाकडी कपाटे पाहत असे. यात कोणाचा अहंकार नव्हता. ज्याला जे येते ते त्याने केले तर काम लवकर होते, इतका साधा तो हिशेब होता. तिसऱ्या वर्षी नौका पाण्यात उतरवली. दोन आठवड्यांनी पती काही सुटे भाग आणायला शहरात गेले असताना मी आत बसून कपाटाच्या दाराला पॉलिश लावत होते आणि पायाखालची फळी ओली लागली. फळी उचलली तर खाली पाणी हलत होते. कुठून येते आहे ते मला कळेना. नौकेच्या तळात पाण्याखाली आठ भोके होती, प्रत्येकाला एक झडप होती आणि आठांपैकी दोनच झडपा कुठे आहेत हे मला माहीत होते. पाण्याच्या आवाजावरून शोधत, पायऱ्यांच्या मागच्या अंधाऱ्या कप्प्यात डोके घातले तेव्हा दिसले, की कॉकपिटमधले, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या खोलगट जागेतले, पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या जाड नळीचा पट्टा गंजून तुटला आहे, नळी निसटली आहे आणि मनगटाएवढी पाण्याची धार आत येत आहे. झडपेचा दांडा मला फिरवता येईना. शेवटी जवळची टॉवेलची गुंडाळी त्या तोंडात कोंबून, ती दोन्ही हातांनी दाबून धरत मी ओरडत राहिले आणि शेजारच्या नौकेवरचे लोक धावून आले.

नंतर आम्ही शांतपणे हिशेब केला. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर असलेल्या दीड इंची भोकातून मिनिटाला शंभर लिटरहून कितीतरी अधिक पाणी आत येते. नौकेतला विजेचा लहान पंप कागदावर तेवढे पाणी फेकत असला तरी लांब नळी, उंची आणि अर्धी उतरलेली बॅटरी यांमुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही फेकत नाही. म्हणजे माझ्या हाताशी काही मिनिटे होती, आणि ती मी झडप शोधण्यात घालवली होती. बंदराच्या आत, मदत वीस पावलांवर असताना हे निभावले. त्या रात्री आम्ही दोघे फार वेळ बोललो नाही. माझ्या पतींना वाटत होते की नळीचा तो पट्टा आपण बदलायला हवा होता. मला वाटत होते की ज्या नौकेला मी माझे घर म्हणते तिचा तळ मी पाहिलेलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाची पद्धत बदलली. नौकेवरची प्रत्येक महत्त्वाची गोष्ट जोडीने किंवा संख्येने असतेच: आठ झडपा, डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या तारा, इंजिनाची दोन इंधन-गाळणी, दोन बॅटऱ्या. पहिली त्यांनी करायची आणि मी पाहायचे, दुसरी मी करायची आणि त्यांनी फक्त पाहायचे. हात मागे बांधून पाहायचे, असे मी त्यांना सांगितले होते आणि त्यांनी ते पाळले. नौका पुन्हा यार्डात जमिनीवर घेऊन झडपा एकेक करून उघडल्या. त्यांतल्या तीन साध्या पितळेच्या निघाल्या. खाऱ्या पाण्यात पितळातले जस्त झिजून जाते, धातू गुलाबी दिसू लागतो आणि शेवटी हाताने दाबला तरी बिस्किटासारखा तुटतो. समुद्राच्या पाण्याखाली कांस्याची किंवा त्या कामासाठीच बनवलेल्या चिवट प्लॅस्टिकची झडप हवी, हे वाचून माहीत असणे वेगळे आणि आपल्या पान्याखाली ती गुलाबी झडप मोडताना पाहणे वेगळे. प्रत्येक झडपेशेजारी वेळ आली तर भोक बुजवायला मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवली. नौकेचा एक आराखडा काढून त्यावर आठही जागा दाखवल्या आणि तो जिन्याशी चिकटवला. इंजिनाचे तेल, इंधनातली हवा काढणे, बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे बदलणे, नांगराच्या साखळीवर लांबीच्या खुणा रंगवणे, हे सारे दोघांनी केले.

डोलकाठीवर चढायला मला भीती वाटत असे. ती अजूनही पूर्ण गेलेली नाही. पण चाळीस फुटांवर, झोळीत बसून, तारांच्या टोकाशी बोट फिरवत एखादा बारीक धागा तुटून वर आला आहे का ते पाहणे हे काम ज्याचे वजन कमी त्याने करावे आणि ज्याच्या अंगात ताकद जास्त त्याने खालून दोर ओढावा, हे शहाणपणाचे आहे. आमच्या दोघांत वजन माझे कमी आहे.

या पद्धतीमुळे काम लांबले, हे मी प्रांजळपणे मान्य करते. तीन वर्षांत संपले असते ते साडेचार वर्षांपर्यंत गेले. भांडणेही झाली, कारण ज्याला एखादे काम चांगले येते त्याला दुसऱ्याचा अडखळणारा हात पाहवत नाही. आणि मदत म्हणून तो ते हातातून काढून घेतो, तेव्हा दुसऱ्याला ते हिसकावून घेतल्यासारखे वाटते. पुष्कळ जोडप्यांचे अशा नौकेचे स्वप्न समुद्रात न बुडता यार्डातच संपते, याचे मोठे कारण मला हेच दिसते: एक जण वर्षानुवर्षे धुळीत कामाला जुंपलेला असतो, दुसऱ्याला त्या कामात स्थान नसते आणि दोघेही एकमेकांना थकल्याचे सांगत नाहीत. धुळीवरून आठवले म्हणून लिहिते, नौकेच्या तळाचा शेवाळरोधक रंग विषारी असतो. तो कोरडा घासून धूळ उडवणे आणि चांगला मास्क न लावणे हे दोघांच्याही फुप्फुसांशी वैर आहे. जुन्या नौकांवर कथिलयुक्त रंगाचे थर असू शकतात. त्या प्रकारच्या रंगाने शिंपल्या-शंखांसारख्या जिवांची इतकी हानी झाली की २००८ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने तो बंद करावा लागला. आपल्या पुरवणीतल्या छायाचित्रात पती उघड्या तोंडाने तळ घासताना दिसतात, हे कृपया त्यांना कळवावे.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे पत्र इतक्या आग्रहाने लिहीत आहे तो सांगते. आमच्या प्रवासाचे दुसरे वर्ष होते. दोन रात्रींच्या प्रवासानंतर एका अनोळखी बंदराच्या तोंडाशी संध्याकाळी पोहोचत असताना पतींना मूतखड्याची कळ आली. ज्यांनी ती सोसली आहे त्यांना ठाऊक असेल की त्या वेदनेत माणूस उभा राहू शकत नाही. ते आत जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. वारा पडला होता, म्हणून इंजिन चालू होते, आणि ओहोटीचा प्रवाह आम्हाला एका वाळूच्या उथळ पट्ट्याकडे ढकलत होता. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. नौकेच्या मागच्या बाजूला धुराड्यातून धुराबरोबर पाणी पडत असते, त्याची एक सतत चुळचुळ कानाला सवयीची झालेली असते. ती चुळचुळ थांबली आणि कोरडा, ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला. म्हणजे इंजिन थंड करणारे समुद्राचे पाणी आत येणे बंद झाले होते. ते तसेच चालू ठेवले असते तर काही मिनिटांत इंजिन कायमचे बिघडले असते.

मी आधी नांगर टाकला. खोली बारा मीटर होती. साखळीवरच्या रंगाच्या खुणा मोजत पन्नास मीटर साखळी सोडली आणि नांगर वाळूत रुतून नौका झटका देऊन थांबली, तसे इंजिन बंद केले. मग टॉर्च तोंडात धरून खाली गेले, पाणी आत घेणारी झडप बंद केली आणि पंपाच्या तोंडावरचे सहा स्क्रू काढले. त्या पंपात रबराचे एक लहान चक्र असते, इंपेलर म्हणतात त्याला; त्याला सहा पाकळ्या होत्या आणि त्यांतल्या दोन मुळापासून तुटल्या होत्या. ते बाहेर काढणे सोपे नसते. रबर घट्ट बसलेले असते, हात तेलकट असतात, खालच्या बाजूचा स्क्रू दिसतच नाही, तो बोटांनीच शोधावा लागतो. पण यार्डात, कोरड्या जमिनीवर, दुसऱ्या वेळचा इंपेलर मी बदलला होता. बोटांना तो खालचा स्क्रू ठाऊक होता. नव्या चक्राला साबण लावून, पाकळ्या एकाच दिशेला वाकवून ते आत सरकवले. तुटलेले दोन तुकडे पुढच्या नळीत अडकलेले असणार हेही ठाऊक होते. ते काढले नसते तर पाणी पुन्हा तुंबले असते. दोन्ही तुकडे सापडले, तेव्हा ते मी तळहातावर ठेवून तुटलेल्या जागांशी जुळवून पाहिले. सगळे मिळून चाळीस मिनिटे लागली. झडप उघडली, इंजिन सुरू केले आणि मागे जाऊन वाकून पाहिले तर पाणी पडत होते. नांगर उचलून, दिव्यांच्या खुणा धरून मी नौका आत नेली आणि तासाभरात पती दवाखान्यात होते.

मी असामान्य काही केले, असे मला वाटत नाही. केलेले काम एखाद्या मेकॅनिकच्या दृष्टीने किरकोळ आहे. पण माझ्या वाट्याला फक्त पडदे आले असते, तर त्या संध्याकाळी माझ्याजवळ प्रार्थनेखेरीज काहीही नसते.

दोन माणसांच्या नौकेचा हिशेब मुळातच कडक असतो. पाण्यावर पंचवीस फूट लांबी असलेली नौका उत्तम वाऱ्यातही साडेसहा नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपासच पोहोचते आणि दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे सागरी मैल कापते. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे अंतर सुमारे सत्तावीसशे सागरी मैल आहे. म्हणजे तीन ते चार आठवडे, रात्रंदिवस, तीन-चार तासांच्या पाळीने एक जण जागा असतो आणि दुसरा झोपलेला असतो. मालवाहू जहाज वीस नॉटने येत असेल तर ते क्षितिजावर दिसल्यापासून जवळ येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. या हिशेबात 'मदतनीस' नावाची जागाच नाही. जागा असलेली व्यक्ती त्या वेळेपुरती कप्तान असते, मग ती कोणीही असो. जिला शीड लहान करायचे कधी हे स्वतः ठरवता येत नाही, तिला प्रत्येक वेळी झोपलेल्याला उठवावे लागते, आणि आठवड्याभरात दोघेही निर्णय घेण्याच्या पलीकडे थकलेले असतात.

ब्रिटिश वंशाचे माइल्स आणि बेरिल स्मीटन हे जोडपे 'त्झू हांग' या जुन्या विकत घेतलेल्या नौकेतून, एका तरुण सोबत्यासह, १९५७ च्या फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या केप हॉर्नकडे जात असताना एका प्रचंड लाटेने नौका उलटली. त्या वेळी सुकाणूवर बेरिल होत्या आणि त्या समुद्रात फेकल्या गेल्या. त्या जखमी अवस्थेत पोहत तुटलेल्या सामानापर्यंत आल्या, त्यांना वर घेतले गेले आणि त्यानंतर त्याही इतरांबरोबर बादल्यांनी पाणी उपसत राहिल्या. दोन्ही डोलकाठ्या मोडलेल्या त्या नौकेवर तात्पुरती शिडे उभारून ते चिलीच्या किनाऱ्याला लागले, तिथे नौका दुरुस्त केली आणि पुन्हा निघाले. ती दुरुस्ती आणि तो प्रवास यांत कोण कोणाचा मदतनीस होता, असे विचारायला जागा नाही.

शिवणकामाला मी कमी लेखते, असा गैरसमज मात्र होऊ नये. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले म्हणून जोशुआ स्लोकम यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. कुरणात पडलेल्या 'स्प्रे' या जीर्ण नौकेची त्यांनी तेरा महिने राबून पुनर्बांधणी केली आणि १८९५ ते १८९८ या काळात तिच्यातून ती प्रदक्षिणा पूर्ण केली, ही हकीकत नौकानयनाच्या प्रत्येक चर्चेत येते. त्याआधीची हकीकत कमी सांगितली जाते. त्यांचे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर गमावल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी सुमारे पस्तीस फुटी नौका बांधली आणि १८८८ मध्ये पत्नी हेटी आणि दोन मुलांसह तिच्यातून अमेरिका गाठली. त्या नौकेची शिडे हेटी यांनी शिवली होती. पाच हजारांहून अधिक मैल ज्या कापडाने त्या कुटुंबाला ओढून नेले ते त्यांच्या सुईचे होते. शिडाचे कापड फाटण्याआधी त्याचा दोरा उन्हाने कुजतो, म्हणून लांबच्या प्रवासात शिवण तपासणे आणि नव्याने टाके घालणे हे जीव वाचवणारे काम आहे. आमच्या नौकेवर ते पतीही शिकले आणि आज त्यांचा टाका माझ्यापेक्षा सरळ पडतो. तेव्हा त्या बाईंच्या हातातली सुई काढून घ्यावी, असे मी म्हणत नाही. ती सुई शिडापर्यंत जावी आणि तिच्या पतींच्या हातातही यावी, आणि त्यांचा पाना तिच्या हातात यावा, अशी माझी इच्छा आहे.

लेखात म्हटल्याप्रमाणे त्या दोघांचे आणखी वर्षभराचे काम शिल्लक आहे. वर्ष पुष्कळ आहे. आपले प्रतिनिधी पुढच्या भेटीला जातील तेव्हा त्यांनी त्या बाईंना काही प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे. तळात पाण्याखालच्या झडपा किती आहेत आणि त्यांतल्या किती त्यांनी स्वतः फिरवून पाहिल्या आहेत? इंधनातली हवा त्यांनी कधी काढली आहे का? पती पाण्यात पडले तर नौका वळवून त्यांच्यापर्यंत परत कशी आणायची आणि त्यांचे वजन वर कसे ओढायचे, याचा सराव त्या दोघांनी केला आहे का? प्रश्न परीक्षा घेतल्यासारखे न विचारता, ज्याला उत्सुकता आहे त्याने विचारावे तसे विचारावेत. उत्तर 'नाही' असे आले तर ते छापू नये, फक्त दोघांना एकत्र बसवून ऐकवावे.

त्या बाईंची इच्छा असल्यास, आमच्या नौकेचा तो आठ झडपांचा आराखडा आणि प्रत्येक कामाची दोघांच्या हस्ताक्षरातली वही मी आपल्या कार्यालयात पाठवून देईन. वहीची काही पाने डिझेलने डागाळलेली आहेत, पण अक्षरे वाचता येतात.

आपली नम्र,
एक वाचक